पहिल्या अॅनिमे कॉनचे तीन दिवस

पहिल्या दिवशी हॉलचे दरवाजे उघडून दोन तासही झाले नव्हते, तेवढ्यात माझ्या डाव्या खांद्यावरचं चिलखत निखळून खाली पडलं. दोन्ही बाजूंनी गर्दी सरकत होती. कुणाचा तरी पाय त्यावर पडणार, इतक्यात एका अनोळखी मुलाने हात आडवा धरून लोकांना थांबवलं, तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "रिपेअर टेबल वरच्या मजल्यावर आहे, जिना चढलीस की डावीकडे. घाई करू नकोस, ते संध्याकाळपर्यंत असतात."

कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा आपण घातलेला पोशाख, दुरुस्त करून देणारं टेबल असतं, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. चार महिने तयारी करूनही नव्हतं. अॅनिमे कन्व्हेन्शनला, म्हणजे जपानी अॅनिमेशनच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, सगळे म्हणतात तसं कॉनला, पहिल्यांदा जाणाऱ्याला अशा कितीतरी गोष्टी तिथे गेल्यावरच कळतात. त्यातल्या काही आधी कळल्या असत्या तर माझा पहिला दिवस वेगळा गेला असता. म्हणून हे लिहून ठेवतेय.

माझी मावसबहीण बरीच वर्षं कॉनला जातेय. वेळापत्रक जाहीर झालं त्याच रात्री मी बसून तक्ता केला: तीन दिवसांत एकोणीस कार्यक्रम, प्रत्येकाला वेगळा रंग. ताईला पाठवला आणि पाच मिनिटांत तिचा फोन आला.

"अगं, यात जेवायचं कधी? आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला वेळ कुठे धरलायस?"

"दहा मिनिटं धरलीत, ताई."

"दहा मिनिटांत तू दारापर्यंतही पोचणार नाहीस. हे बघ, दिवसाला एकच गोष्ट ठरव. चुकली तर खरंच वाईट वाटेल अशी. बाकीचं समोर येईल तसं बघ."

मला ते पटलं नाही. एवढे पैसे भरून, एवढी वाट बघून, दिवसाला एकच? पण तिचं गणित सरळ होतं आणि ते मला तिथे जाऊन कळलं. गाजलेल्या पाहुण्याचं पॅनेल, म्हणजे स्टेजवरच्या गप्पा आणि प्रश्नोत्तरं, एक तासाचं असतं. त्याची रांग तासभर आधीच लागते. खोली भरली की आगीच्या नियमांमुळे दार बंद होतं, मग रांगेत तुमच्यापुढे दोनच माणसं असली तरी उपयोग नाही. म्हणजे एक तासाच्या पॅनेलला अडीच तास धरायचे. असे तीन पकडायला गेलात तर दिवस संपला, आणि हॉल पाहिलाच नाही.

आता पोशाखाबद्दल. कॉनला जायला कॉस्प्ले करावंच लागतं असा पुष्कळांचा समज असतो. तसं मुळीच नाही. साधे कपडे घालून आलेले लोकही तिथे भरपूर असतात आणि त्यांच्याकडे कुणी परकं म्हणून बघत नाही. मला करायचंच होतं, कारण बारा वर्षांची असल्यापासून ज्या पात्रावर जीव होता त्याच्या अंगरख्यात एक दिवस तरी घालवायचा होता. चिलखत मी ईव्हीए फोमचं केलं. हा फोम कटरने कापता येतो, हीट गनने गरम केला की वाकतो आणि थंड झाला की त्याच आकारात राहतो. रंगाचे थर चढले की लांबून धातूच वाटतो. जोडायला कॉन्टॅक्ट सिमेंट वापरत असाल तर खिडक्या सताड उघड्या ठेवा आणि मास्क लावा, त्याच्या वाफा डोक्यात जातात.

विग आधी दोन-तीनदा तरी घालून बघा, तोही सलग तीन-चार तास. आत विग कॅप, केस चापून बसवलेले, वर पिना. पहिल्या तासात काहीच वाटत नाही, तिसऱ्या तासात कानामागे दुखायला लागतं. हे घरी कळलं तर पिनांच्या जागा बदलता येतात. बुटांचंही तेच. नवे बूट थेट कॉनच्या दिवशी घालू नका. मी दोन आठवडे घरात रोज संध्याकाळी घालून फिरले, आत मऊ तळवा टाकला, आणि तीन दिवसांत एकही फोड आला नाही. सगळ्या तयारीत मला सर्वांत जास्त समाधान देणारी गोष्ट तीच होती. रंगीत लेन्स घालणार असाल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या. यात काटकसर नको, डोळे दोनच असतात.

तलवार, भाला, बंदूक असं काही हातात असेल तर कॉनचे नियम आधीच वाचून काढा. प्रत्येक कॉनचे नियम वेगळे, पण धारदार धातू जवळजवळ कुठेच चालत नाही आणि खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बंदुकांवर सगळीकडेच कडक नजर असते. दारापाशी प्रॉप तपासायचं टेबल असतं. तिथला माणूस हातात घेऊन बघतो, टोक किती कडक आहे ते दाबून बघतो आणि पास झालं की रंगीत पट्टी किंवा टॅग बांधतो. तो टॅग तीन दिवस काढायचा नाही. माझी तलवार फोमची होती, पण आत ताठ राहावी म्हणून मी प्लास्टिकचा पाइप घातला होता. त्याने विचारलं, मी सांगितलं, त्याने वाकवून पाहिली आणि सोडली. आत लोखंडी गज असता तर बाहेरच ठेवावी लागली असती. लांबीचीही मर्यादा असते. पंख, मोठ्या शेपट्या करणाऱ्यांनी दारातून आणि जिन्यावरून जाता येईल का, हे आधी मोजून बघावं.

बॅज, म्हणजे आत जायचा पास, घ्यायच्या रांगेत मी सव्वा तास उभी होते. आदल्या संध्याकाळी बॅज घ्यायची सोय असेल तर ती जरूर घ्या. ओळखपत्र आणि तिकिटाचा कोड लागतो. तो कोड फोनमध्ये स्क्रीनशॉट म्हणून ठेवा, कारण हजारो लोक एका जागी आले की नेटवर्क मान टाकतं. वेळापत्रक आणि नकाशाही तसाच ठेवा. सोबत कुणी असेल तर भेटायची एक जागा आणि वेळ आधीच ठरवा. फोन लागेल या भरवशावर राहू नका.

तर ते रिपेअर टेबल. एक लांब टेबल, त्यावर हॉट ग्लू गन, सुया, दोऱ्यांची रिळं, इलॅस्टिक, सेफ्टी पिनांचे डबे, सांडलेला चिकटा. मागे तीन-चार व्हॉलंटियर. माझ्या आईच्या वयाच्या एक बाई मोकळ्या होत्या. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि लगेच विचारलं, "पट्टा रंगावर चिकटवलास ना?"

हो. मी आधी सगळं रंगवून घेतलं होतं आणि मग आतल्या बाजूने हॉट ग्लूने पट्टा लावला होता. त्यांनी मला ती जागा दाखवली. ग्लूचा गोळा अख्खाच्या अख्खा निघाला होता आणि त्याच्या पाठीला माझा चंदेरी रंग सालपटासारखा चिकटलेला होता. "गोंद धरलाच होता गं," त्या म्हणाल्या, "पण रंगाला. फोमला नाही. रंग सुटला, सगळं सुटलं." मग कटरच्या पात्याने त्यांनी तेवढ्या जागेचा रंग खरवडून काढला, सँडपेपरने फोम जरा खरखरीत केला, नवा ग्लू लावला आणि गार होईपर्यंत अंगठ्याने दाबून धरलं. त्यावर थांबल्या नाहीत. पट्ट्याची दोन्ही टोकं अंगरख्याच्या कापडाला सुईदोऱ्याने टाचून दिली, म्हणजे वजन एकट्या ग्लूवर येणार नाही. जवळ काळा दोरा संपला होता, त्यांनी पोपटी घेतला. "वरून दिसत नाही, काळजी करू नकोस." सगळं मिळून वीस मिनिटं. पैसे घेतले नाहीत, कुठलं पात्र एवढंच विचारलं आणि माझ्याकडून त्याची सगळी गोष्ट ऐकून घेतली.

तक्त्यातली माझी पहिली दोन पॅनेलं त्यात गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर आले तर फोटो मागणारे भेटायला लागले. इथे एक गोष्ट मनापासून सांगायचीय. फोटो काढण्याआधी विचारायचं, आणि हात लावायचा नाही. विगला नाही, पंखाला नाही, खांद्यावर हात टाकून उभं राहायलाही नाही, विचारल्याशिवाय. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने 2014 साली आवारात मोठे फलक लावले होते की कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे. तसे फलक आता पुष्कळ ठिकाणी दिसतात आणि ते लावावे लागले यामागे कितीतरी मुलींनी सोसलेलं आहे. तुम्ही स्वतः कॉस्प्लेमध्ये असाल तर "आत्ता नको" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मी जेवत असताना एकाने विचारलं, मी "नंतर" म्हटलं, तो "चालेल" म्हणून हसून गेला. बहुतेक लोक असेच असतात. कुणी तसा नसेल तर थेट व्हॉलंटियरकडे जा, त्यासाठीच ते असतात. आणि वाटेच्या मधोमध उभं राहून फोटो काढू नका, भिंतीकडे सरका.

संध्याकाळी आर्टिस्ट अॅलीत गेले. कॉनमधली माझी सर्वांत आवडती जागा. मोठ्या कंपन्यांच्या दुकानांचा भाग वेगळा आणि हा वेगळा. इथे टेबलामागे बसलेला माणूसच चित्र काढणारा असतो. प्रिंट, स्टिकर, किचेन, स्वतः छापलेल्या छोट्या कॉमिक्स. अशा स्वतः छापलेल्या पुस्तिकांची जपानमध्ये मोठी परंपरा आहे. 21 डिसेंबर 1975 रोजी टोकियोत पहिलं कॉमिकेत, म्हणजे अशा पुस्तिकांचा बाजार, भरलं, तेव्हा स्वतःच्या पुस्तिका विकायला 32 गट आले होते आणि बघायला साधारण 700 लोक. आज टोकियो बिग साइटमध्ये तेच कॉमिकेत भरतं आणि लोक लाखांनी येतात. पण टेबल, टेबलावर स्वतःची पुस्तिका, मागे तिची लेखिका, ही मांडणी तीच राहिली. आपण रांगेत उभं राहून विकत घेतो ते कुणाच्या तरी रात्री जागून केलेल्या कामाचं पुस्तक असतं, हे तिथे अगदी हाताशी जाणवतं.

इथे आधी एक पूर्ण फेरी मारा आणि मगच खरेदी करा, असं सगळे सांगतात. प्रिंटच्या बाबतीत ते बरोबर आहे. पुस्तिकांच्या बाबतीत नाही. त्या थोड्याच छापलेल्या असतात, आवडली तर तिथल्या तिथे घ्या. एक पुस्तिका मी उद्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती संपली होती. रोख पैसे, तेही सुटे, जवळ ठेवा, कारण नेटवर्क नसलं की कार्ड चालत नाही. घासाघीस करू नका. चित्रांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. प्रिंट न्यायला कडक पुठ्ठ्याची फाइल न्या, नुसत्या पिशवीत कोपरे दुमडतात. आणि एखाद्याकडून जागेवर स्केच काढून घ्यायचं असेल तर पहिल्या दिवशी सकाळीच गाठा, त्यांच्या याद्या दुपारपर्यंत भरतात. पात्राचा नीट दिसणारा फोटो फोनमध्ये तयार ठेवा, पुढून आणि मागून.

दुसऱ्या दिवशी मी ताईचं ऐकलं. तक्ता घरीच ठेवला. ठरवलेली गोष्ट एकच: एका जपानी व्हॉइस अॅक्टरचं पॅनेल. दीड तास आधी जाऊन खाली बसले. रांगेत पुढे दोघी बहिणी होत्या, मागे एक एकटा आलेला मुलगा. अर्ध्या तासात आम्ही एकमेकांचे स्नॅक्स खात होतो. त्या मुलाची पहिलीच कॉन होती, माझ्यासारखीच, आणि कालचा अख्खा दिवस तो कुणाशीही बोलला नव्हता. एकटं जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की रांगेत बोला. हॉलमध्ये सगळे कुठेतरी निघालेले असतात, रांगेत सगळे थांबलेले असतात. आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही, समोरच्याच्या पिशवीवरच्या बिल्ल्यापासून सुरुवात करता येते.

पॅनेलमधला तो एक तास मी विसरणार नाही. जपानमध्ये आवाज बहुतेक वेळा चित्रांवर नंतर बसवतात, आणि त्या वेळी चित्रं पुष्कळदा पूर्ण झालेली नसतात. पडद्यावर कच्ची रेखाटनं असतात, आणि कुणी कधी बोलायचं ते पात्राच्या नावाची पट्टी चमकून कळतं. एका खोलीत थोडेच माइक, त्यापुढे बरेच कलाकार, आपलं वाक्य आलं की पुढे व्हायचं, संपलं की आवाज न करता मागे सरकायचं. कुणीतरी विचारलं, यात सर्वांत अवघड काय? पाहुण्यांनी टेबलावरची स्क्रिप्ट उचलली, माइकच्या अगदी जवळ धरली आणि पान उलटलं. काहीच ऐकू आलं नाही. मग साध्या पद्धतीने उलटलं, तर अख्ख्या खोलीत कागद सळसळला. पहिल्या वेळी पान कोपऱ्यातून हळूच सोडवून, हवेत जरा कमानीसारखं धरून त्यांनी ते पलीकडे ठेवलं होतं. शिकताना आधी हेच शिकावं लागतं, ते म्हणाले. तीनशे माणसं श्वास रोखून एक पान उलटताना बघत होती.

प्रश्न विचारायचा असेल तर आधी लिहून ठेवा आणि दोन वाक्यांत संपवा. दुभाषी असतो, त्याला प्रत्येक वाक्यानंतर थांबून वेळ द्यावा लागतो. आपलं त्या पात्रावर किती प्रेम आहे ते सांगत बसलं की मागच्या पाच जणांची संधी जाते. मलाही खूप सांगायचं होतं. मी ते चिठ्ठीत लिहून नेलं होतं आणि पाहुण्यांसाठीच्या पत्रांच्या पेटीत टाकलं. अशी पेटी असते का, हे माहितीच्या टेबलावर विचारून घ्या.

शरीराबद्दल लिहायलाच हवं. कॉनला जाणाऱ्यांमध्ये 5-2-1 असा एक नियम चालतो: रोज निदान 5 तास झोप, 2 जेवणं, 1 आंघोळ. पाचऐवजी सहा म्हणणारेही आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. वाचताना हे फार साधं वाटतं, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मी फक्त एक बिस्किटाचा पुडा खाल्ला होता. भूक लागली नव्हती असं नाही, उत्साहात लक्षातच आलं नव्हतं. चिलखतात आणि विगमध्ये घाम खूप जातो, तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. तासा-दोन तासांनी बाहेर मोकळ्या हवेत जाऊन बसा. ज्यांना आवाजाचा, गर्दीचा त्रास होतो त्यांच्यासाठी काही कॉनमध्ये शांत खोली असते. ती कुठे आहे हे पहिल्या तासातच बघून ठेवा. कानात घालायचे बोळे अगदी स्वस्त असतात आणि फार कामाला येतात.

आंघोळ आणि डिओडरंट हा विषय लोक हसण्यावारी नेतात. रांगेत तासभर कुणाच्या तरी शेजारी उभं राहायचं असतं, म्हणून हे आदराचं काम आहे, एवढंच म्हणेन. आणि कॉननंतर सर्दी-ताप येणं इतकं नेहमीचं आहे की त्याला कॉन-क्रड असं नावच पडलंय. बंद हॉल, हजारो माणसं, कमी झोप, तीन दिवस ओरडून बोलणं. हात धुवा, गर्दीत मास्क लावा, आणि कॉननंतरचा एक दिवस शक्य असेल तर मोकळा ठेवा. मी ठेवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी कॉस्प्ले केलंच नाही. साधे कपडे, रिकामी पिशवी. ठरवलेली गोष्ट: कॉस्प्लेची स्पर्धा बघणं. नागोयात 2003 पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरतं, देशोदेशीच्या जोड्या तिथे उतरतात, त्याचे व्हिडिओ मी वर्षानुवर्षं बघत आले होते. समोर बसून बघणं वेगळंच. स्टेजवर चालताना चिलखतातून येणारा फोमचा दबका आवाज व्हिडिओत येत नाही. एका स्पर्धकाच्या झग्याच्या घोळावरचं भरतकाम तिसऱ्या रांगेतून दिसत होतं, एकेक टाका. परीक्षक आधी प्रत्येकाचं काम जवळून तपासतात, शिलाई आतून बघतात, म्हणून भाग घ्यायचा विचार असेल तर करतानाचे फोटो जपून ठेवा.

दुपारी चारनंतर टेबलं आवरायला लागली. आर्टिस्ट अॅलीत मला माझं स्केच मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत शेवटचं नाव माझं लागलं होतं. चित्रात माझ्या पात्राचा डावा खांदा पुढे होता. रिपेअर टेबलाकडे गेले, त्या बाई एका मुलाच्या बुटाचा तळ चिकटवत होत्या. स्केच दाखवलं. "टिकलं का?" एवढंच त्यांनी विचारलं. टिकलं होतं.

घरी आल्यावर विगचा गुंता आधी सोडवून घ्या, तो तसाच पडून राहू देऊ नका. रुंद दातांचा कंगवा घ्या, टोकापासून सुरुवात करा आणि हळूहळू वर या, मुळापासून ओढलं तर गुंता घट्ट बसतो. थंड पाण्यात थोडं कपड्यांचं सॉफ्टनर घालून भिजवा, पिळू नका, टॉवेलने टिपून वाळत घाला. फोमच्या वस्तू उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, हॉट ग्लू नरम होऊन सांधे सुटतात. माझ्या दुरुस्तीच्या पाऊचमध्ये आता सेफ्टी पिना, सुई, इलॅस्टिक आणि दुहेरी चिकटपट्टीबरोबर सँडपेपरचा एक छोटा तुकडाही असतो. दोन्ही खांद्यांचे पट्टे मी नव्याने लावले, रंग खरवडून. डावीकडचा पोपटी दोरा मात्र काढला नाही.